उजवीकडे गरम

"डावीकडं गरम, उजवीकडं गार," संपत स्वतःशीच पुटपुटला आणि कानामागची पेन्सिल काढून त्याने भिंतीतल्या डाव्या पाइपाशेजारी, पांढऱ्या टाइलवर, एक छोटी फुली मारली. त्याने विचारलं नव्हतं. पूजेला बसताना माणूस ताम्हन, पळी जागेवर आहे ना हे नुसत्या नजरेने बघून घेतो, तसं तो बोलून गेला होता. बाथरूमच्या दारात उभ्या असलेल्या शेफालीने तोंड उघडलं. तोवर संपतने पांढऱ्या टेपचं टोक दातात धरून पाइपाच्या आट्यांवर टेप गुंडाळायला सुरुवात केली होती, आणि दातात काही धरलेल्या माणसाशी बोलू नये असा काही नियम असल्यासारखी ती गप्प राहिली. मागे जेवणाच्या टेबलाशी आई मेथी निवडत होती. काड्या मोडल्याचा बारीक आवाज येत होता. तो मध्ये एकदा थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

या घरात गरम पाणी उजवीकडे येत होतं. एकतीस वर्षं येत होतं. औंध रोडवरची ही सोसायटी उभी राहिली तेव्हा बिल्डरच्या माणसाने भिंतीतले दोन पाइप उलटे जोडले, आणि हे लक्षात आलं ते टाइल्स लागून, वास्तुशांत होऊन, घरातली पहिली अंघोळ झाल्यावर. शेफालीचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणीच्या खात्यात होते. दुसऱ्यांच्या चुका पकडण्यासाठीच पगार घेणारा माणूस. त्यांनी बिल्डरला घरी आणलं, चूक दाखवली, त्याच्या तोंडून कबूल करून घेतली, आणि तो टाइल्स फोडायला तयार झाल्यावर साफ नको म्हणाले. त्या टाइल्स आईने निवडल्या होत्या. पांढऱ्यावर बारीक निळी वेल. तसल्या पुन्हा मिळणार नाहीत, असं दुकानदाराने सांगितलं होतं. "चुकीचं नाहीये ते, उलटं आहे," बाबा म्हणाले. "आपण लक्षात ठेवायचं." नळाच्या दोन चाव्यांवरच्या लाल-निळ्या टिकल्या त्यांनी चाकूने उचकटून अदलाबदल करून लावल्या. वर्षभरात एक टिकली पडली, मग दुसरी. त्यानंतर कुणी पाहुणा टॉवेल घेऊन आत शिरला, की कडी लागायच्या आत घरातलं कुणीतरी सांगायचं, "आमच्याकडे उजवीकडे गरम हं." चपला बाहेर काढा, तसंच हे. बहुतेक वेळा बाबाच सांगायचे. त्यासाठी ते हातातला पेपर ठेवून उठायचे. लग्नानंतर शेफालीचा नवरा सलिल पहिल्यांदा राहायला आला तेव्हा त्यांनी दाराबाहेरून दोनदा सांगितलं, आणि आतून सलिल म्हणाला, "हो बाबा, माझं उजवं कुठलं ते मला माहितेय." हे उत्तर त्यांना इतकं आवडलं, की पुढे कितीतरी दिवस ते येईल त्याला सांगत होते. खरं म्हणजे त्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टी लावून काही ना काही लिहिलेलं होतं. फ्यूजच्या पेटीवर, सांडशीच्या खिळ्याखाली, गॅसच्या बटणापाशी. हे एवढंच तोंडी ठेवलं. शेफालीने एकदा का म्हणून विचारलं होतं. "लिहून ठेवलं की माणसं वाचत नाहीत," ते म्हणाले. "सांगितलं की ऐकतात."

तिच्या हातांना हे अक्षरओळखीच्याही आधी कळलं होतं. कॉलेजसाठी वसतिगृहात गेली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने बोटं भाजून घेतली, गार म्हणून डावीकडची चावी फिरवून. जग उलटं आहे आणि आपलं घर सुलट, असं तिला पुढे बरेच दिवस वाटत राहिलं. अजूनही बावधनच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये हात आधी उजवीकडे जातो, मग ती त्याला थांबवते. जे इतकं ठाऊक असतं ते सांगायचं राहून जातं. हे वाक्य तिने गेल्या चार महिन्यांत स्वतःशी अनेकदा म्हणून पाहिलं होतं, आणि दर वेळी ते तिला एखाद्या बऱ्यापैकी लेखातल्या वाक्यासारखं वाटलं होतं, म्हणजे निरुपयोगी. ती एका प्रकाशनात मुद्रितं तपासायची. गळलेले शब्द, गळलेली ओळ, कधी सबंध परिच्छेद. तिच्या नजरेतून सुटत नाही असं तिथे म्हणायचे.

संपत कात्रजकडचा. पन्नाशी उलटलेला, हाताची बोटं जाड, पण आट्यांवर टेप बसवताना ती वातीला पीळ देणाऱ्या बाईच्या बोटांसारखी हळू चालत होती. काम करताना त्याला बोलायला लागायचं. त्यांच्या रानात आता अकरा मजल्यांची इमारत उभी आहे आणि तिचं सगळं पायपिंग त्यानेच केलंय, हे त्याने आल्याआल्या सांगितलं होतं. "आपल्याच हिरीचं पाणी आपणच वर चढवलं, ताई." त्यावर आई टेबलाकडून म्हणाली होती, "आमचं तेवढं खाली आणा म्हणजे झालं." संपत मनापासून हसला होता. आईचा चेहरा मेथीतून वर झाला नव्हता.

नवा नळ शेफालीनेच पेठेतल्या दुकानातून आणला होता. एकच लांबट दांडा. एका टोकाला पाणी किती सोडायचं त्याची चावी, दुसऱ्या टोकाला किती गरम हवं त्याची. अडतीस अंशांच्या पुढे जायचं तर एक लाल बटण दाबून धरावं लागतं, चुकून कुणी भाजून घेऊ शकत नाही, असं दुकानदार म्हणाला, आणि तिने किंमत विचारायच्या आधीच मान हलवली. पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात बसल्यावर तिला प्रथमच, आपण काहीतरी करतो आहोत, असं वाटलं होतं. पाइपांचं प्लंबरला फोनवरच सांगायचं ठरवलं होतं तिने. मग तो आल्यावर सांगायचं ठरवलं. तो दारात चपला काढत होता तेव्हा आई शेजारी येऊन उभी राहिली, आणि ते राहिलं. कारण त्या दिवसापासून या घरात ते वाक्य कुणीही उच्चारलं नव्हतं. ते एकदा बाहेर आलं की त्याच्या मागचं आपोआप येणार होतं: परक्या माणसाला हे सांगावं लागतं, तर मग त्याला कुणी सांगितलं होतं?

गणपती बसले त्याच आठवड्यात बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. राहिला एकच शब्द, हो. चहा हवा का, हो. नको का, हो. दुखतंय का, हो. नाही ना दुखत, हो. असा एखादा शब्द पुष्कळदा मागे राहतो, डॉक्टर म्हणाले, त्याला अर्थ असेलच असं नाही. जन्मभर नाही म्हणून पेट्या परत पाठवलेल्या माणसाकडे नेमका हाच शब्द उरावा, याचं आईला पहिले काही दिवस हसूसुद्धा आलं होतं. मग बाबांचं सगळं करायला वैजनाथ आला. परभणीकडचा, चाळिशीचा, हळू बोलणारा. एजन्सीने पाठवलेला, हातात सदैव रबरी मोजे, तो त्यांचा नियम होता. शेफालीने त्याला सगळं घर दाखवलं आणि फ्रिजवर एक यादी लावली. गोळ्यांच्या वेळा, ठसका लागू नये म्हणून पाणी किती घट्ट करून द्यायचं, कूस कधी बदलायची, डॉक्टरांचे दोन नंबर, सोसायटीच्या लिफ्टचं दार कसं अडकतं तेसुद्धा. सुवाच्य अक्षर. वैजनाथने ती वाचून मान डोलावली होती, असं लिहून कुणी देत नाही ताई, म्हणाला होता. आणि तिला बरं वाटलं होतं.

तो रोज ओल्या पंचाने अंग पुसायचा. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई म्हणाली की आज तरी ह्यांना पाण्याखाली बसवा. गिझर तिने अर्धा तास आधीच लावला होता. तेल तिने लावलं, उटणं तिने लावलं. मग वैजनाथने बाबांना खुर्चीवर बसवून आत नेलं. शेफाली दाराबाहेर रांगोळीचे ठिपके काढत होती. तिथून तिला ऐकू येत होतं. काका, पाणी बरं हाय का? हो. जरा अजून सोडू? हो. ती ठिपके मोजत होती आणि त्या दोन होकारांना हसत होती. तिसरा हो आला तो फार मोठा होता. तो प्रश्नाशिवाय आला होता.

खांद्यापासून मांडीपर्यंत, उजवी बाजू. मेलेली बाजू, तिला बोलता आलं नाही. दवाखान्यात अठरा दिवस काढले, मग जखमांत जंतुसंसर्ग झाला आणि ते गेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई एकाच सुरात सांगायची, त्या माणसाने भाजलं ह्यांना. एजन्सीने त्याला काढून टाकलं, तसं फोनवर कळवलंसुद्धा. चौदाव्या दिवशी, घर धुऊन झालं होतं आणि फरशा वाळत होत्या तेव्हा, तो लॅचची किल्ली परत द्यायला आला. चपला जिन्यात काढून उंबऱ्याबाहेर उभा राहिला. "ताई, मी गारच वाढवत होतो," तो म्हणाला. तिने ऐकलं नाही असं वाटून त्याने पुन्हा सांगितलं, आणि सांगताना त्याचा उजवा हात हवेत वर आला आणि एक चावी सावकाश उघडू लागला. थोडी, अजून थोडी, अजून. उजवीकडची. त्या क्षणी शेफालीला सगळं कळलं, फोडणीत मोहरी तडतडते तसं एकदम आणि सगळीकडून. आतून आई म्हणाली, "दार लाव, शेफाली." तिने दार लावलं. दाराला पाठ लावून ती उभी राहिली. पलीकडे बराच वेळ चपला पायात घातल्याचा आवाज आला नाही.

यादी तिने फ्रिजवरून काढली ती पर्समध्ये ठेवली. ऑफिसातून येताना बसमध्ये ती उघडायची आणि वाचायची, दुसऱ्या कुणाचं मुद्रित वाचावं तशी. चौथ्या आणि पाचव्या ओळीत अंतर जरा जास्त सुटलं होतं. तिथे ते एक वाक्य बसलं असतं.

बाथरूमला बाहेरून कडी होती, ती तेव्हापासून लावलेलीच. जुना नळ आत थेंब थेंब गळायचा. आई मागच्या छोट्या न्हाणीत बादलीने अंघोळ करायची. सुटीच्या दुपारी शेफाली आईकडे असली की कधी तिला आई त्या कडीवर हात ठेवून उभी दिसायची, आत कुणी आहे आणि त्याचं आवरायची वाट बघावी तशी. गेल्या आठवड्यात जेवता जेवता म्हणाली, ते बाथरूम सुरू कर, मी तिथेच अंघोळ करणार आहे. शेफालीने विचारलं, तिथेच का? "माझी अंघोळ आहे. कुठे करायची ते मी ठरवीन." शेफालीने ताट बाजूला सारलं. सदुसष्ट वर्षांची बाई, एकटी, कडी आतून लावलेली, आणि ती दोन चाव्यांपैकी कुठली, कशासाठी उघडणार आहे, हे काही तिला विचारता आलं नाही. दुसऱ्याच दिवशी ती पेठेत गेली होती.

"झालं," संपत म्हणाला. नवा दांडा भिंतीवर चकाकत होता, आजूबाजूच्या निळ्या वेलीत परका. "आता गिझर लावा, ताई. दहा मिनिटांनी बघू." बटणाखालच्या चिकटपट्टीवर बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, गीझर, काम झाल्यावर बंद. शेफालीने बटण दाबलं. लाल दिवा लागला. वर टाकीत पाणी सूं सूं करू लागलं. चार महिने तिने हा आवाज ऐकला नव्हता. संपत बादली पालथी घालून तिच्यावर बसला आणि तंबाखू मळू लागला. तिची नजर त्याच्या तळहातावर होती. जाड, रेषांतून काळा पडलेला. आणि अगदी शांतपणे, कुणी कानाशी येऊन पुस्तकातलं वाचून दाखवावं तसा, तिच्या मनात एक विचार आला. याचाही हात भाजला तर. तीस वर्षं नळ बसवणाऱ्या माणसाचा भाजला तर दिसेल, की कुणाचाही भाजला असता. की दोष भिंतीचा आहे. मग ते वाक्य म्हणायचं कारण उरणार नाही. तिने नजर त्याच्या तळहातावरून काढली. तरी ती बोलली नाही. एक मिनिट गेलं, मग आणखी एक. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की मेथी केव्हाच निवडून झाली असणार. एकच जुडी होती. मागे आई मोडत होती त्या नुसत्या काड्या.

आई गप्प का आहे? तिलाही ठाऊक आहे. तिनेही शेकडो पाहुण्यांना सांगितलंय, कधी स्वयंपाकघरातून ओरडून, कधी दारावर टकटक करून. संपत डावीकडं गरम म्हणाला तेव्हा तिचा हात थांबला होता. शेफालीला मागे वळून बघायचं होतं, आणि वळलं तर काय दिसेल त्याची भीती वाटत होती. आई तिच्या पाठीकडे बघते आहे, हे तिला पाठीतूनच कळत होतं.

दिवा विझला. संपतने चिमूट ओठांत सोडली, हात पँटीला पुसला, उठला. "आधी गारवर ठेवतो," तो म्हणाला, टोकाची चावी पार गारकडे फिरवली, दुसऱ्या टोकाने पाणी सोडलं आणि बघायला तळहात खाली धरला.

"हात काढा," शेफाली म्हणाली. "आमच्याकडे उजवीकडे गरम आहे."

तिचा आवाज बाबांसारखा आला, दाराबाहेरून सांगितल्यासारखा, जरा वरच्या पट्टीत. संपतने हात मागे घेतला. पाणी पडत राहिलं. पहिले काही क्षण गार, पाइपातलं शिळं. मग टाइल्सवर धुकं चढलं, निळी वेल दिसेनाशी झाली, आणि मोरीतून वाफ वर आली. संपतने बाजूने हात घालून चावी बंद केली. तो रागावला नाही, दुखावल्यासारखा दिसला.

"आधी सांगायचं ना, ताई. सालटं निघालं असतं माझं."

"नशीबवान आहात," टेबलाकडून आई म्हणाली. "तुम्हाला वेळेवर सांगितलं तिने."

संपतला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. तो पाइपांकडे बघत होता. या नळाला असलं उलटं चालत नाही, तो सांगू लागला. दोन चाव्यांचा जुना निराळा, याचं आतलं यंत्र फसतं. "गार करायला जावं तर गरम येतं. अजून गार करावं तर अजून गरम. माणूस वाढवतच बसतं." पाइप आतून फिरवायला हवेत, म्हणजे टाइल्स फोडाव्या लागतील, निदान सहा-सात तरी जातील, आणि असल्या आता मिळायच्या नाहीत. तो शेफालीकडे बघत होता. शेफालीने आईकडे बघितलं.

"फोडा," आई म्हणाली.

संपत पिशवीतून छन्नी काढेपर्यंत शेफाली टेबलाशी येऊन बसली. समोर काड्यांचा ढीग होता, सगळ्या एकाच मापाने मोडलेल्या. आईने त्या हाताने गोळा केल्या.

"तो किल्ली द्यायला आला होता तेव्हा मी दार लाव का म्हटलं असेन?"

"तू चिडली होतीस."

"तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं होतं. तुझ्याइतकंच कळलं मला." आईने सूप जवळ ओढलं. "गिझर मी लावला होता. टाइल्स मी निवडल्या होत्या. यादी तू केलीस." लग्नघरातली भांडी ज्याची त्याला परत देताना बोलावं, तसं ती बोलत होती. "मला वाटायचं, आज तू म्हणशील. उद्या म्हणशील. शेवटी म्हटलं, आपणच आत जाऊन उजवीकडची उघडून बघावी, केवढं भाजतं ते."

"आई."

"बघितली नाही. तू नवीन नळ आणलास." तिने काड्या सुपात टाकल्या. "नंबर आहे त्याचा?"

"आहे."

"लाव. माझ्यासमोर."

आत छन्नीवर पहिला घाव पडला. घंटी वाजत होती. शेफालीने गेल्या चार महिन्यांत या फोनसाठी कितीतरी वाक्यं तयार केली होती, खोडली होती, पुन्हा लिहिली होती. टाइल तडकल्याचा आवाज आला, मग तुकडे खाली पडल्याचा. आईने मान वळवली नाही.

"बोला, ताई," वैजनाथ म्हणाला. त्याने नंबर पुसला नव्हता. त्याच्या मागे कुठेतरी बादलीत पाणी पडत होतं.

"वैजनाथ, आमच्याकडे उजवीकडे गरम येतं. पाइप उलटे आहेत. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

पलीकडचं पाणी बंद झालं. संपतही आत दम खात असावा, घाव थांबले होते. शेफाली कानाशी फोन धरून टेबलावरच्या ओल्या डागाकडे बघत राहिली. तो काहीही म्हणू शकत होता, आणि त्यातलं काहीही ऐकून घ्यायचं होतं.

"हो," तो म्हणाला.

त्याने फोन ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही.

"काय म्हणाला?" आईने विचारलं.

"हो म्हणाला."